जिंकलेला डाव घड्याळावर का हरतो?

बुद्धिबळाच्या डिजिटल घड्याळातील वेळेच्या पद्धती आणि त्यामागचे नियम

हेदवी (ता. गुहागर) : जॉर्जियातील बटुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्या दिवशीच्या निर्णयात सोंगट्यांइतकाच पटाशेजारच्या घड्याळाचाही वाटा होता. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. त्यामुळे निकाल टायब्रेकच्या जलद डावांवर गेला. प्रत्येकीला १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंद वाढीव, अशी वेळेची मर्यादा होती. पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या १९ वर्षांच्या दिव्याने बाजी मारली आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. हंपी ही काही जलद बुद्धिबळात नवखी नव्हे. २०१९ आणि २०२४ अशी दोन वर्षे ती याच प्रकारात महिलांची जगज्जेती होती. तरीही वेळ संपत आल्यावर तिच्या हातून निर्णायक चूक झाली.

या विजयानंतर बुद्धिबळाच्या वर्गांकडे वळणाऱ्या मुलांना पालक हौसेने पट आणि सोंगट्या घेऊन देतात. घोड्याची अडीच घरे, उंटाची तिरकी चाल मुले चार दिवसांत शिकतात. घड्याळ मात्र कोणी शिकवत नाही. अनेक खुल्या स्पर्धांच्या माहितीपत्रकात ‘खेळाडूंनी आपापले घड्याळ आणावे’ अशी सूचना असते आणि ते घड्याळ लावायचे कसे, हे ऐन फेरीच्या तोंडावर शोधले जाते. वेळेची पद्धत ठाऊक नसल्यास चांगला डावही हातचा जातो. हे नवशिक्यांच्याच बाबतीत घडते असे नाही, हे पुढील एका उदाहरणावरून दिसेल.

घटिकापात्रापासून डिजिटलपर्यंत

लंडन येथे १८५१ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, तेव्हा खेळाडूंवर वेळेचे कोणतेही बंधन नव्हते. एकेका चालीवर प्रदीर्घ विचार चाले आणि प्रतिस्पर्धी कंटाळून जाई. त्यावर उपाय म्हणून १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली. दोन तासांत २४ चाली पूर्ण करायच्या, अशी अट होती. पुढे १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांचे जोडघड्याळ आले. एक बाजू चालू झाली की दुसरी थांबते, हे तत्त्व तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडण्याची रीत होती. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्याने भरून बुडाली की घटिका, म्हणजे २४ मिनिटे, पूर्ण झाली. काट्यांच्या बुद्धिबळ घड्याळातील ‘फ्लॅग’ हे या घटिका भरण्याचेच यांत्रिक रूप. मिनिटकाटा बाराजवळ आला की तो एक लहानसे लाल पाते उचलून धरी. वेळ संपताच ते खाली पडे. खाडिलकर भगिनी, भाग्यश्री ठिपसे यांच्या पिढीने आपले उमेदीचे डाव याच घड्याळांवर खेळले. अखेरच्या मिनिटात नेमके किती सेकंद उरले आहेत हे त्यात कळत नसे. पाते पडले की नाही यावरूनही वाद होत.

डिजिटल घड्याळाने हा वाद मिटवला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी ब्रूस चेनी याने १९७३ मध्ये असे पहिले घड्याळ तयार केले. मात्र खरा बदल सेकंदांच्या आकड्यांनी घडवला नाही. तो घडवला वेळ परत देण्याच्या कल्पनेने. काट्यांचे घड्याळ वेळ फक्त वजा करू शकत होते. चाल झाल्यावर वेळ मिळवणारे घड्याळ हवे, ही माजी जगज्जेते बॉबी फिशर यांची कल्पना. तिचे अमेरिकी पेटंट त्यांना १९८९ मध्ये मिळाले आणि १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात बोरिस स्पास्कीविरुद्ध झालेल्या सामन्यात तसे घड्याळ प्रत्यक्ष पटाशेजारी आले. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये स्थापन झालेल्या ‘डिजिटल गेम टेक्नॉलॉजी’ अर्थात ‘डीजीटी’ कंपनीची घड्याळे पुढे जगभरच्या स्पर्धांतून दिसू लागली.

एक घड्याळ, अनेक पद्धती

आजच्या घड्याळात वेळ मोजण्याच्या अनेक पद्धती साठवलेल्या असतात. त्यांची नावे वेगळी आहेतच, पण त्यांनुसार खेळण्याची रीतही बदलते.

*निव्वळ वेळ :* प्रत्येकाला ठरावीक मिनिटे मिळतात. ती संपली की डाव संपला. मिळवणी काहीच नाही. पूर्ण वेळ उत्तम खेळून वजीर अधिक असलेला खेळाडूही शेवटच्या दहा सेकंदांत मात करू शकला नाही तर हरतो. अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय स्पर्धेचे २००८ चे विजेतेपद असेच ठरले. अॅना झाटोन्स्कीह आणि इरिना क्रश यांच्यातील निर्णायक डावात वाढीव वेळ नव्हता. अखेरीस दोघींचे हात सोंगट्या आणि घड्याळ यांच्यात नुसते धावत होते. क्रशची वेळ संपली, तेव्हा झाटोन्स्कीहकडे एकच सेकंद उरला होता. अशा रीतीने राष्ट्रीय विजेतेपद ठरावे का, यावर नंतर बराच वाद झाला.

*फिशर किंवा वाढीव वेळ :* प्रत्येक चालीमागे ठरलेले सेकंद खात्यात जमा होतात. दहा सेकंद वाढीव असताना चार सेकंदांत चाल केली तर सहा सेकंद शिल्लक पडतात. म्हणजे झटपट खेळून वेळ साठवता येतो. अडचणीत सापडलेला खेळाडू त्याच त्या चाली दोन-तीनदा करून थोडा वेळ मिळवतो, तो याच पद्धतीत. मात्र तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर प्रतिस्पर्धी बरोबरीचा दावा करू शकतो, याचे भान ठेवावे लागते.

*ब्रॉन्स्टाइन :* सोव्हिएत ग्रँडमास्टर डेव्हिड ब्रॉन्स्टाइन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत. येथे जेवढा वेळ वापरला तेवढाच परत मिळतो, तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. मर्यादा पाच सेकंदांची असेल आणि चाल दोन सेकंदांत झाली, तर दोनच सेकंद परत येतात. आठ सेकंद लागले, तर पाच परत येतात आणि तीन खर्ची पडतात. वेळ साठवण्याची सोय येथे नाही.

*विलंब :* अमेरिकेत रूढ असलेल्या या पद्धतीत घड्याळ आधी ठरलेले सेकंद थांबते आणि मगच उतरू लागते. हिशेबाने ही ब्रॉन्स्टाइनची जुळी बहीण. फरक अगदी शेवटी जाणवतो. खात्यात तीनच सेकंद उरले आहेत आणि चालीला चार सेकंद लागले, तर पाच सेकंदांच्या विलंबात खेळाडू वाचतो. ब्रॉन्स्टाइन पद्धतीत मात्र, सुरुवातीलाच ते पाच सेकंद मिळवून दिलेले नसतील, तर चाल पूर्ण होण्याआधीच वेळ संपतो.

*वाळूचे घड्याळ :* एकाचा वेळ जितका कमी होतो, तितकाच दुसऱ्याचा वाढतो. दोघांची बेरीज कायम राहते. अधिकृत स्पर्धांपेक्षा मित्रमंडळींत ही पद्धत गंमत आणते, कारण विचार करत बसणारा प्रतिस्पर्ध्याच्याच पदरात वेळ टाकत असतो.

*ब्योयोमी :* गो आणि शोगी या खेळांतील ही जपानी पद्धत. मूळ वेळ संपल्यावर प्रत्येक चालीसाठी ठरावीक सेकंद मिळतात. तेवढ्यात चाल केली तर पुढच्या चालीला पुन्हा तेवढेच सेकंद. न वापरलेले सेकंद साठत नाहीत.

याखेरीज प्रत्येक चालीला ठरावीक सेकंदांनी इशारा देणारी ‘गाँग’ पद्धत असते. स्क्रॅबलसाठी शून्याखाली उलट मोजत जाणारी पद्धतही असते. स्क्रॅबलच्या स्पर्धांत प्रत्येकाला २५ मिनिटे मिळतात आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला दहा गुण कापले जातात. तेथे वेळ संपली म्हणून खेळ लगेच संपत नाही. त्याची किंमत मोजावी लागते. या घड्याळाला निव्वळ ‘बुद्धिबळाचे घड्याळ’ न म्हणता ‘खेळाचे घड्याळ’ म्हणणे अधिक योग्य, ते यामुळेच.

आकडे कसे वाचावेत?

माहितीपत्रकावर ‘१५ + १०’ किंवा ‘९० + ३०’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा प्रत्येक चालीमागच्या सेकंदांचा. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, डावाचा प्रकार ठरवताना ६० चालींचा हिशेब धरते. साठ चालींना प्रत्येकी दहा सेकंद म्हणजे दहा मिनिटे. म्हणून ‘१५ + १०’ हा एकूण २५ मिनिटांचा डाव झाला. हा हिशेब दहा मिनिटे किंवा त्याहून कमी आला तर डाव ‘ब्लिट्झ’, दहापेक्षा अधिक पण साठपेक्षा कमी आला तर ‘रॅपिड’ अर्थात जलद. त्यापुढचे डाव पारंपरिक गणले जातात. सोय अशी, की दुसरा आकडा जितक्या सेकंदांचा, तितकीच मिनिटे पहिल्यात मिळवली की उत्तर मिळते.

याच हिशेबाने ‘३ + २’ आणि निव्वळ ५ मिनिटे हे दोन्ही डाव पाच मिनिटांचेच ठरतात. खेळताना मात्र त्यांत मोठे अंतर पडते. पहिल्यात सरळ जिंकता येण्याजोगी अखेर दोन-दोन सेकंदांत सावकाश पूर्ण करता येते. दुसऱ्यात तेथे पोहोचेपर्यंत वेळ राखून ठेवावा लागतो. म्हणून वाढीव वेळ नसलेल्या डावात सुरुवातीच्या परिचित चालींवर वेळ दवडणे परवडत नाही.

दुसऱ्या टप्प्याचा सापळा

मोठ्या स्पर्धांत वेळ टप्प्याटप्प्याने मिळतो. बटुमीच्या विश्वचषकात पारंपरिक डावांसाठी पहिल्या ४० चालींना ९० मिनिटे, पुढच्या डावाला ३० मिनिटे आणि पहिल्या चालीपासून ३० सेकंद वाढीव, अशी रचना होती. सिंगापूर येथे २०२४ मध्ये डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. तेथे पहिल्या ४० चालींना १२० मिनिटे होती, पण वाढीव ३० सेकंद ४१व्या चालीपासूनच मिळत होते. चाळिसाव्या चालीच्या आसपास खेळाडूंची जी तारांबळ उडते, तिचे कारण अशा रचनेत दडलेले असते.

ही रचना माहीत नसण्याची किंमत खुद्द मॅग्नस कार्लसनने मोजली आहे. नॉर्वेतील २०१५ च्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत व्हेसेलिन टोपालोव्हविरुद्ध तो जिंकणाऱ्या स्थितीत होता. ४० चालींना दोन तास, उरलेल्या डावाला एक तास आणि ६१व्या चालीपासून ३० सेकंद वाढीव, असा नियम त्या वर्षी होता. कार्लसन फेरीला उशिरा आला होता आणि पंचांची घोषणा त्याने ऐकली नव्हती. साठाव्या चालीनंतर आणखी वेळ मिळेल या समजुतीने तो विचार करत राहिला, आणि घड्याळ शून्यावर आले. त्या वेळी तो जगज्जेता होता. टोपालोव्हला पूर्ण गुण मिळाला.

डिजिटल घड्याळाची आणखी एक खोच येथे लक्षात घ्यावी लागते. दुसऱ्या टप्प्याचा वेळ दोन प्रकारे मिळू शकतो. एका प्रकारात घड्याळ दाबण्यांची मोजणी करते आणि ४० पूर्ण होताच ३० मिनिटे मिळवते. एखाद्याने चुकून जास्त वेळा दाबले तर ही मोजणी बिघडते. दुसऱ्या प्रकारात पहिला वेळ शून्यावर आल्यावरच पुढची ३० मिनिटे दिसू लागतात. या दुसऱ्या प्रकारात घड्याळाला चालींचा पत्ता नसतो. खेळाडूने ३८ चालीच केल्या असल्या तरी पडद्यावर ३० मिनिटे झळकतात आणि आपण सुटलो असे त्याला वाटते. पंच मात्र चालींची नोंदवही पाहतात. चाळीस चाली पूर्ण नसतील तर डाव गेला. वेळ घड्याळ सांगते. चालींचा हिशेब खेळाडूने आपल्या नोंदवहीतच ठेवायचा असतो.

घड्याळ लावताना

प्रत्यक्ष मांडणी फार अवघड नसते. बहुतेक घड्याळांच्या तळाशी पद्धतींची यादी क्रमांकांसह छापलेली असते. घड्याळ चालू करून अधिक-उणे बटणांनी हवा तो क्रमांक निवडायचा. यादीत आपली मर्यादा नसेल तर ‘स्वतः भरा’ असा पर्याय असतो. त्यात तास, मिनिटे, सेकंद आणि वाढीव सेकंद दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे भरावे लागतात. एका बाजूला वाढीव सेकंद भरायचे राहून गेले तर ते कित्येक चालींनंतर लक्षात येते.

मग वरची पट्टी तपासावी. पांढऱ्या सोंगट्यांच्या बाजूचे टोक वर उचललेले हवे, कारण वर असलेल्या बाजूचा वेळ चालतो. मधले बटण दाबले की डाव सुरू. अनेक नमुन्यांत २० मिनिटांपेक्षा अधिक वेळ असेपर्यंत तास व मिनिटे दिसतात, त्यानंतर मिनिटे व सेकंद. ‘१:२५’ म्हणजे एक तास पंचवीस मिनिटे आणि ‘१.२५’ म्हणजे एक मिनिट पंचवीस सेकंद, हा फरक मुलांना आधीच दाखवून द्यावा. पेन्सिल सेल नवे आहेत ना, हे घरून निघतानाच पाहणे उत्तम.

दाबण्याचेही नियम

ज्या हाताने चाल केली, त्याच हाताने घड्याळ दाबले पाहिजे. बोट घड्याळावर ठेवून किंवा त्यावर तरंगत ठेवून बसता येत नाही. घड्याळावर जोरात थाप मारणे, ते उचलणे, चाल करण्याआधीच दाबणे हेही नियमबाह्य आहे. कॅसलिंग किंवा प्याद्याची बढती दोन हातांनी करून घड्याळ दाबले, तर ती नियमबाह्य चाल धरली जाते.

नियमबाह्य चाल पहिल्यांदा झाली तर पारंपरिक व जलद डावात प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे आणि ब्लिट्झमध्ये एक मिनिट अधिक मिळते. दुसऱ्यांदा झाली तर डाव जातो. ही मिनिटे मिळवण्याचे काम पंचांचे. खेळाडूने स्वतः बटणांशी खेळू नये. पंचांना बोलवायचे असल्यास मात्र घड्याळ थांबवण्याचा हक्क खेळाडूला आहे, आणि लाजऱ्या मुलांना हा हक्क ठाऊकच नसतो. समोरचा वयाने मोठा आहे म्हणून गप्प राहण्याचे कारण नाही. घड्याळ थांबवावे, हात वर करावा आणि पंचांना सांगावे.

पारंपरिक डावात चाली लिहिणे बंधनकारक असते. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला तर त्यातून सूट मिळते, पण प्रत्येक चालीला ३० सेकंद किंवा अधिक वाढीव वेळ असल्यास ही सूट नाही.

वेळ संपली म्हणजे पराभव, हा नियमही सरसकट नाही. प्रतिस्पर्ध्याकडे नुसता राजा उरला असेल आणि कोणत्याही नियमबद्ध चालींनी त्याला मात करणे शक्यच नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो. प्यादे एकच असले तरी ते वजीर होऊ शकते, हे मात्र विसरू नये.

ओटीवरून स्पर्धेच्या मेजावर

गुहागर तालुक्यातील हेदवी हे दशभुज लक्ष्मीगणेशाच्या मंदिरासाठी आणि भरतीच्या वेळी पाण्याचा फवारा उसळवणाऱ्या बामणघळीसाठी ओळखले जाणारे गाव. बामणघळ पाहायची तर भरतीची वेळ आधी विचारून निघावे लागते. समुद्र कोणासाठी थांबत नाही. अशा गावांत सुटीच्या दुपारी ओटीवर मांडलेल्या डावाला मात्र घड्याळ लागत नाही. चहा येतो, पाहुणे येतात, डाव पुढे चालतो. त्या सवयीचे मूल पहिल्यांदा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धेला बसते, तेव्हा समोरच्या चालींपेक्षा उतरणारे आकडेच त्याला अधिक घाबरवतात. शहरी वर्गांत वाढलेल्या मुलाला हीच गोष्ट रोजची असते. दोघांच्या बुद्धीत अंतर नसते. अंतर असते ते सरावाचे.

ते भरून काढायला फार खर्च येत नाही. मोबाइलवर विनामूल्य मिळणारे घड्याळाचे अॅप दोघांच्या मध्ये ठेवले तरी सराव होतो. शाळेने एक डिजिटल घड्याळ घेतले आणि आठवड्यातून एकदा ‘१५ + १०’चे डाव लावले, तर वर्षभरात वर्गातील प्रत्येक मूल ते लावायला आणि वाचायला शिकेल. घरच्या सरावात पद्धत बदलून पाहावी. एक डाव निव्वळ दहा मिनिटांचा, दुसरा पाच मिनिटे आणि पाच सेकंदांचा. हिशेबाने दोन्ही दहा मिनिटांचेच. विचार कुठे करायचा आणि हात कुठे आवरायचा, हे दोन्ही डाव वेगवेगळे शिकवतात.

फेरीपूर्वी पाच प्रश्न

- एकूण वेळ किती, आणि वाढीव वेळ आहे की नाही?
- असल्यास तो फिशर पद्धतीचा की विलंबाचा, आणि कितव्या चालीपासून?
- दुसरा टप्पा आहे का? त्याचा वेळ चाळिसाव्या चालीला मिळणार की पहिला वेळ संपल्यावर?
- उशीर झाल्यास किती मिनिटांनी डाव गेला असे धरले जाईल?
- घड्याळाच्या दोन्ही बाजूंना सारखेच आकडे आहेत का?

या पाच प्रश्नांना दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि पंच त्यांची उत्तरे आनंदाने देतात. कार्लसनने २०१५ मध्ये वेळेच्या टप्प्यांबद्दल आधी विचारले असते, तर जिंकत आलेला डाव त्याच्या हातून गेला नसता.